दार लाव गं

४ नोव्हेंबर

सभासद महोदया,

आपण आमच्या वाचनालयाचं एक पुस्तक नेलेलं आहे. जाड कादंबरी, निळी बांधणी, सर्कशीत झोपाळ्यावर काम करणाऱ्या बाईची गोष्ट. मुदत केव्हाच उलटून गेली आहे. तरी पुस्तक लवकरात लवकर जमा करावे, ही विनंती.

झालं, कामाचं पत्र इथे संपलं. खाली सही ठोकून पाकीट बंद करायला हवं होतं. पण निम्म्याहून जास्त कागद कोरा राहिलाय, आणि कागद वाया घालवलेला आईला खपायचा नाही हे तुला माहीत आहे.

ते पुस्तक आईच्या उशाशी होतं. तू निघालीस त्या दिवशी ते पिशवीत टाकताना मी पाहिलं. बोलले नाही, कारण आपण तेव्हा बोलतच नव्हतो. गेलं वर्षभर त्याच्यावाचून भागवलं. आता गळ्याशी आलंय म्हणून लिहिते. दुसरं काही कारण नाही.

वाचनालयाला नवे सचिव मिळालेत. त्यांच्या तोंडी सकाळ-संध्याकाळ एकच जप: काळाबरोबर चाललं पाहिजे. चालून चालून आमचं काय झालंय ते ये आणि बघ. कादंबऱ्यांची कपाटं होती तिथे आता संगणक मांडलेत, लोक नोकरीचे अर्ज भरायला येतात. वरच्या मजल्यावर अभ्यासिका. मुलं उजाडल्यापासून जागा धरून बसतात, पण आमचं पुस्तक एकाच्याही हातात नाही, सगळी आपापली. मंगळवारी हॉलमध्ये रक्तदाब तपासतात. एक आजोबा फक्त फोन चार्ज करायला येतात, आणि तो चार्ज होईस्तोवर शेजारच्याला सुनेची गाऱ्हाणी सांगतात. परवा एकाने मला विचारलं, "मॅडम, इथे पुस्तकंसुद्धा मिळतात का?" मी म्हटलं, "मिळतात, पण ओळखीच्यांनाच."

तरी मी हे सगळं चालवून घेतलं. खोटं कशाला बोलू, आवडायलाही लागलंय. ओस पडलेल्या वाचनालयात जांभया देण्यापेक्षा सुनेची गाऱ्हाणी बरी. पण आता सचिवांचा डोळा आईच्या कॅसेटवर गेलाय.

जिन्याखालची ऐकण्याची खोली तुला आठवत असेल. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आईने आयुष्यभर घरी बसून जी पुस्तकं वाचली, ती सगळी तिथे आहेत. सचिवांनी ठरवलंय की कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायच्या आणि मूळच्या टाकून द्यायच्या. त्यालाही माझी ना नाही. पण त्यांचा नियम असा, की पुस्तक पूर्ण वाचलेलं असेल तरच उतरवायचं. अर्धवट असेल ते सरळ रद्दीत. जानेवारी संपता संपता माणूस येऊन कपाट रिकामं करणार.

आईचं शेवटचं पुस्तक अर्धवट आहे. हेच, तुझ्याकडचं. तिचा शेवटचा आवाज त्या कॅसेटवर आहे, आणि राहिलेली प्रकरणं कुणीतरी वाचून जोडली नाहीत तर तो कचऱ्यात जाईल. मी वाचीन म्हणून सचिवांना सांगून बसले आहे. बाजारात ते पुस्तक कुठे मिळत नाही, सगळीकडे विचारून झालं. तेव्हा पाठव.

कळावे,
ग्रंथपाल

ता. क. पत्ता जुनाच घातलाय. बदलला असलास तर मला कोण सांगणार?

२० नोव्हेंबर

धाकटे,

पुस्तक आलं नाही. उत्तरही नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची तुझी सवय लहानपणापासूनची, तिकडे गेल्यावर सुटेल असं उगाच वाटलं होतं.

तोवर सराव असावा म्हणून मी दुसरंच एक पुस्तक घेतलं आणि ऐकण्याच्या खोलीत मंडळींसमोर वाचायला बसले. मास्तर होते. गणिताचे, आईचे अगदी पहिले श्रोते. आणि त्यांच्याबरोबर नेहमीचं टोळकं, त्यात गॉगलआजी. ही तुझ्यानंतरची. काळा चष्मा एक क्षण काढत नाही, दिसत जवळजवळ नाहीच, पण पलीकडच्या खोलीत कुणी उसासा टाकला तर कुणाचा ते सांगेल.

दोन पानं वाचली. शेवटी मास्तर म्हणाले, "ग्रंथपालबाई, वाचताय की नोटीस बजावताय?"

सगळे फिदीफिदी हसले. गॉगलआजी म्हणाली, "राहू द्या हो मास्तर. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्यांचं चुकलं कुठे? आईचा आवाज माझ्या वाट्याला आला नाही. घरचा फोन तू उचललास की लोक "बाई" म्हणून बोलायला सुरुवात करायचे, आणि तू खुशाल आई बनून त्यांना सल्ले द्यायचीस. मी उचलला की विचारायचे, "हे ऑफिस का?"

तुला एक गोष्ट कधी जाणवली का? या लोकांनी आपलं घर पाहिलेलं नाही, पण ते त्यांना पाठ आहे. आईने सगळी पुस्तकं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचली. त्यात नळाचं पाणी आहे, दूध उतू गेल्यावरची तिची धावपळ आहे, तुझे पाढे आहेत, तुझा तो डांग्या खोकला आहे. मीपण आहे. म्हणजे मी नाही, माझ्यावर ओरडणं आहे. मी बाहेरून यायची, दार सताड उघडं टाकायची, रस्त्याचा सगळा गोंगाट आत, आणि आई वाचता वाचता त्याच सुरात म्हणायची, "दार लाव गं." की लगेच पुढचं वाक्य. तिने ते कधी पुसलं नाही. म्हणायची, एवढ्यासाठी अख्खी बाजू पुन्हा कोण वाचणार? त्यामुळे राजा मरणशय्येवर पडलाय, राणी हंबरडा फोडतेय, दार लाव गं. खुनी सुरा घेऊन जिना चढतोय, दार लाव गं. मंडळी मला मागे 'दारवाली' म्हणतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही.

कधी कधी मी त्या खोलीवरून जात असते, आत कुणीतरी मशीन मोठ्याने लावलेलं असतं, आणि तेवढंच नेमकं कानावर येतं. मी वळते. पन्नाशी उलटलेली बाई मी, हातात रजिस्टरं, आणि मी वळून बघते की कुठलं दार राहिलं. सगळी दारं लावलेली असतात.

बरं, लिहायचं होतं ते वेगळंच. त्या दिवशी सगळे उठल्यावर गॉगलआजीने माझा हात धरला आणि म्हणाली, "झोपाळेवाली बसली हो एकदाची गाडीत. माझा जीव भांड्यात पडला."

आता बघ. आईचं वाचन थांबतं ते स्टेशनावर. झोपाळेवालीने सर्कस सोडली आहे, पेटी उचलली आहे, घरी परत जावं की जाऊ नये हे तिचं ठरत नाही, "गाडीची शिट्टी झाली आणि" एवढ्यावर आईला खोकला येतो. पुढचं एक अक्षर कॅसेटवर नाही. वर्षभर ही मंडळी माझ्या मागे लागली आहेत, आणि मी शेवट सांगू लागले की कानावर हात ठेवतात. सांगितलेला नको, वाचलेला पाहिजे.

मी विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? बाईंनी वाचलं की."

मास्तर एवढ्या जोरात खाकरले की वरच्या अभ्यासिकेतून कुणीतरी शूऽऽ केलं. "चला आजी, उशीर झाला," म्हणाले आणि तिला घेऊन गेले.

वय झालंय तिचं. मी मनावर घेतलेलं नाही. पण झोपाळेवाली गाडीत बसते, हे खरं आहे. मी पुस्तक वाचलंय.

पुस्तक पाठव.

ग्रंथपाल

९ डिसेंबर

धाकटे,

हे पत्र फाडून टाकलंस तरी चालेल. मला कुणाला तरी सांगायचंय, आणि आईला माझ्याइतकं ओळखणारं माणूस तुझ्याशिवाय उरलेलं नाही.

गॉगलआजी आज लवकर आली. हॉलमध्ये गर्दी होती म्हणून तिला ऐकण्याच्या खोलीत नेऊन बसवलं. निघता निघता थट्टेने विचारलं, "मग, काय म्हणतात तुमच्या बाई?"

"बाईंचं काही खरं नाही हो," ती म्हणाली. "तिकडे थंडी फार आहे म्हणाल्या. चार वाजताच अंधार पडतो."

मी तिथेच उभी राहिले. म्हटलं, "आणखी काय म्हणाल्या?"

"आणखी काय! एकट्याच असतात. दिवस दिवस कुणाशी बोलणं नाही. जेवणसुद्धा ओट्यापाशी उभ्याउभ्याच उरकतात. मी म्हटलं, अहो, दोन घास बसून तरी खा. तर म्हणाल्या, एकटीसाठी कुठे पान वाढायचं."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, ते तुझं खातं. लहानपणी माळ्यावर कोण आहे म्हणून मला रात्रभर जागवायचीस. पण हे घाबरवणारं भूत नाही गं. मला भीती नाही वाटली, मला भडभडून आलं. आपली आई कधी उभ्याने जेवली का? आपण ओट्याशी उभं राहून एखादा तुकडा तोंडात टाकला तरी ओरडायची, "घोडे आहात का?" आणि ती आता तिकडे अंधारात उभ्याउभ्या जेवतेय. दिवसभर माझ्या डोळ्यांपुढून ते हलेना.

दुपारी वाचनालय जेवणासाठी बंद असतं. सगळे गेल्यावर मी त्या खोलीत गेले आणि शेवटची कॅसेट लावली. तुला एक सांगते, कुठे बोलू नकोस. आई गेल्यापासून मी तिची एकही कॅसेट ऐकलेली नाही. जाता येता कानावर पडतं तेवढंच. लोकांना वाटतं मला कामातून सवड मिळत नाही. मीच तसं सांगत आले.

आवाज खूप बारीक झालाय. वाक्याच्या मध्येच दम खाते. एका ठिकाणी "दार लाव गं" आहे. मी ते मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकलं. रस्त्याचा आवाज नाही, चपला नाहीत, काही नाही. कुणी आलेलंच नाही. मी त्या वेळी इथे कामावर होते. मी आले असं तिला वाटलं असेल, किंवा मी यावं असं वाटलं असेल. आता कुणाला विचारणार?

मग शिट्टी होते, खोकला येतो. मशीन बंद करायचं तिला सुचलेलं नाही. खुर्ची सरकते, ती पाणी पिते, मग नुसता तिचा श्वास. बाजू संपेपर्यंत मी बसून राहिले. पुढे कुणी काही वाचत नाही. गाडी नाही, प्रवास नाही. नुसती खरखर. मग आजीने ऐकलं कुठे?

आईचा करडा स्वेटर माझ्या टेबलाच्या खणात असतो, पावसाळ्यासाठी तिने इथे ठेवलेला. तो काढला आणि त्या मशीनवर पांघरला. शिपाईमामांनी विचारलं हे काय, तर म्हटलं धूळ बसते.

हसू नकोस.

ग्रंथपाल

२८ डिसेंबर

हट्टी बाई,

पत्रं पोचत आहेत, हे मला पोस्टातून कळलंय. म्हणजे तू वाचतेस आणि गप्प बसतेस. बस. माझ्याही अंगात तेच रक्त आहे.

सचिव काल येऊन कपाटाची मापं घेऊन गेले. तिथे चहाचं मशीन ठेवायचंय म्हणे, लोकांनी बसून बोलावं म्हणून. मी म्हटलं, "साहेब, लोक तिथे बसूनच आहेत." ते म्हणाले, "ऐकत बसतात, बोलत नाहीत." हे ज्ञान मी ऐकून घेतलं.

मग मास्तरांना गाठलं आणि स्पष्टच विचारलं, की आजीच्या डोक्यात हे कोण भरवतंय? ते काठीची मूठ चोळत बसले. मग म्हणाले, "तुम्ही ऐकता का कधी, ग्रंथपालबाई?"

"मला कामं असतात."

"मग तुम्हाला कसं कळणार?"

तेवढ्यात मागून गॉगलआजी म्हणाली, "रविवारी येतात हो बाई. मास्तरांकडे. पातेल्यातून बोलतात."

"आजी!" मास्तर ओरडले.

पातेल्यातून! घरी येईपर्यंत मी रस्त्याने एकटीच हसत होते. घरी पोचल्यावर दार उघडलं आणि जिन्यातच बसकण मारली. हसू कधी गेलं ते कळलंही नाही.

तू त्या दिवशी मला म्हणालीस, "तू आईला वाचनालयात जमा केलंस." अंत्यविधीला तुझ्यासाठी एक दिवस थांबलो नाही, तुला मागे नुसत्या कॅसेट उरल्या म्हणून. तुला विमान मिळत नव्हतं, इकडे माणसं दारात उभी, डॉक्टर म्हणत होते उशीर करू नका. हे मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगते, माझ्या हातात नव्हतं. पण तुझ्या त्या वाक्याचं मी काय करू? रोज त्या खोलीवरून जाते आणि रोज ते ऐकते. केली असेन जमा. तिथे निदान चार माणसं तिच्याशी बोलतात. इथे घरी माझ्याशी कोण बोलतं?

मास्तरांचं घर काही लांब नाही. रविवारी आम्हाला सुट्टी असते. पण आजी भ्रमिष्ट निघाली तर आई दुसऱ्यांदा जाईल, ते मला झेपणार नाही. आणि खरी निघाली तर मी काय तोंड घेऊन उभी राहू? आई, उभ्याने जेवू नकोस, एवढंच सांगायला?

पुस्तक पाठवायचं असेल तर पाठव, नाहीतर राहू दे. माणूस यायला आता फार दिवस नाहीत.

१२ जानेवारी

धाकटे,

गेले मी.

गेल्या रविवारी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन मागे फिरले. आज मास्तरांची चुकून राहिलेली टोपी परत द्यायची, असं निमित्त केलं आणि गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं आणि उंबऱ्यात थांबले.

मंडळी सतरंजीवर गोल करून बसलेली. मध्ये स्टीलचं मोठं पातेलं. त्यात मास्तरांचा फोन उभा करून ठेवलेला, आवाज मोठा यावा म्हणून. आणि त्या पातेल्यातून आई वाचत होती.

मी चौकट धरली. तोच दम खाण्याचा ढंग, तीच वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडायची पद्धत, 'आणि' म्हटल्यावर तेच जरासं थांबणं. झोपाळेवाली गाडीतून उतरली होती. आपल्याच घरासमोर उभी होती. खिडकीत दिवा दिसतोय, आत बहिणीची सावली हलतेय, आणि हिचा हात कडीपर्यंत जातो आणि खाली येतो. हे मी पूर्वी वाचलेलं होतं. तेव्हा वाटलं होतं, केवढं ताणलंय, वाजवत का नाही एकदाची कडी?

कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. म्हणजे मला तसं वाटलं. मी तशीच उभी, मागे दार सताड उघडं, रस्त्यावरून एक मोटारसायकल फटफटत गेली, एक मूल रडत गेलं.

वाचन थांबलं. पातेल्यात नुसता श्वास. मग त्याच सुरात, न चिडता:

"दार लाव गं."

मी लावलं.

विचार केला नाही, कोण बोललं, कुठून बोललं. वळले, दार लावलं, कडी घातली. आणि कडी घातल्यावर कळलं की मी आत आहे. चपला काढल्या आणि गॉगलआजीच्या शेजारी टेकले. तिने चाचपून माझा हात घेतला आणि मांडीवर ठेवून दिला. तू पुढचं वाक्य वाचलंस.

तू. आईने नाही, तू.

मास्तरांनी नंतर सांगितलं तुला कसं कळलं ते. ज्यांना दिसत नाही ती माणसं दार कधी अर्धवट सोडत नाहीत, कपाळमोक्ष होतो. त्या घरात येणारा प्रत्येक जण आत आला की आधी दार लावतो. दार उघडं टाकून उभं राहणारं माणूस एकच, आणि ते तुलाही माहीत आणि त्या सगळ्यांनाही. माझ्या मागे दारवाली म्हणतात ते काही उगाच नाही. टोपी दिली तेव्हा मास्तर म्हणाले, "ही माझी नाही. पण बरं झालं आलात."

आई गेल्याला वर्ष होत आलं तेव्हा तू त्यांना फोन केलास म्हणे. तिचे शेवटचे दिवस कसे गेले ते विचारायला. मला विचारायची सोय नव्हती. आणि त्यांनी उलट विचारलं, की पुस्तक तुझ्याकडे आहे ना, मग पुढचं वाच. आधी दोघंच, मग एकेक जण येऊन बसायला लागला. "ताईला सांगू नका," ही तुझी अट. आजीला बिचारीला त्यांनी शंभरदा समजावलं की ही धाकटी आहे. ती म्हणते, असेल धाकटी, पण बोलतात बाई.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तुलाच पत्रं लिहीत होते, की आईला थंडी वाजते. तुलाच कळवत होते, की तिकडे चार वाजता अंधार पडतो. आणि तू ती वाचत होतीस. काय वाटलं असेल तुला? हसली नसशील, एवढं मला कळतं. मला वाटलं, आई कुठेतरी एकटी आहे, ओट्याशी उभी राहून जेवतेय, आणि मी रडले, मशीनला स्वेटर घातला. ती तू होतीस. वर्षभर मला कळवतेस काय, तर काहीच नाही, आणि एका न दिसणाऱ्या म्हातारीला सांगतेस की दिवस दिवस कुणाशी बोलणं होत नाही!

मला शंका आली नाही असंही नाही. शेवटी शेवटी आली होती. पण तू असशील तर मला रागवावं लागलं असतं. आई असेल तर नुसतं ऐकता आलं असतं.

आज मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर भांडलेच असते, आणि पुस्तकाची दोन प्रकरणं राहिली आहेत. प्रकरण संपल्यावर तू आईसारखंच म्हणालीस, "इथे बाजू संपली. कॅसेट उलटी करा." फोनला कसली बाजू! पण सगळी मंडळी एकदम हलली, पाय मोकळे केले, कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला. वर्षानुवर्षांची सवय. मीपण पाणी प्यायले.

आता कामाचं. पहिल्या पत्रात मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. मला पुस्तक नको होतं. माझं वाचणं कुणी ऐकणार नाही हे मला सराव करायच्या आधीच माहीत होतं. तेव्हा पुस्तक परत पाठवू नकोस. ग्रंथपालाच्या अधिकारात मुदत वाढवून दिली आहे. पुढच्या रविवारी मी आईचं मशीन घेऊन मास्तरांकडे जाईन, पातेल्याशेजारी ठेवीन आणि लाल बटण दाबीन. "गाडीची शिट्टी झाली आणि" इथपासून पुन्हा वाचायला लागेल तुला. हे पत्र तोवर पोचलं नाही तर मास्तर फोनवर सांगतीलच. रोज एक बैठक केली तर माणूस यायच्या आत होईल. मंडळी रोज यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. सचिवांनाही बोलावणार आहे. लोक तिथे बोलत नाहीत म्हणतात ना, येऊन बघू देत.

मागून कुणी बोललं, खोकलं, दूधवाला ओरडला तरी पुसायचं नाही. आईने पुसलं नव्हतं.

करडा स्वेटर वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. मशीनला थंडी वाजत नाही. बाह्या तुला थोड्या आखूड होतील. आणि एक ताट जास्त असेल घरात तर टेबलावर मांड आणि बसून जेव. घोडी आहेस का?

त्या दिवसाचं भांडण माझ्याकडून मिटलेलं नाही. मला अजून वाटतं माझं बरोबर होतं. तुलाही तुझं बरोबर वाटत असणार. येशील तेव्हा समोरासमोर बसून भांडू, मला पत्रात नीट भांडता येत नाही.

रविवारी वेळेवर फोन कर. दार मी लावीन. आतून.

ताई